ठिपका

बाबालाल मुजावरांच्या दुकानात,
मारुती चौकामागच्या बोळात,
माझ्या खांद्याइतक्या उंचीवर पुराची रेघ आहे.
एकोणीस सालची.
भिंतीला रंग दिला तेव्हा तेवढी रेघ सोडून दिला त्यांनी.
रेघेच्या खाली काही टांगत नाहीत.

बाहेरच्या खोलीत शीतल मगदूम
दिवसभर वाढदिवसांचे फ्लेक्स काढतो,
गॉगल लावलेली, हात जोडलेली माणसं
फुटावर मोजून.
आत एसी, एक पांढरी ट्यूब,
आणि बारा शायांचं यंत्र.
त्याला बाबालाल म्हातारी म्हणतात.
रोज थोडं बोलतं ठेवावं लागतं तिला,
नाहीतर घसा बसतो.

मी हरिपूरचं धुकं घेऊन आले होते.
संगमाचा घाट, पहाटे पावणेसहा,
तिवई पायरीवर रोवून
चार मिनिटं उघडं ठेवलेलं शटर.
तेवढ्यात कृष्णेचं दूध झालं,
वारणा कुठून येऊन मिळते ते पुसलं गेलं.
एक बाभूळ, अर्धी बुडालेली,
जागची हलली नाही
म्हणून फोटोत आली.

"स्क्रीनवर नदी उजेडाची असते," बाबालाल म्हणाले,
"कागदावर शाईची. उजेड कमी धरायला शिका, ताई."
आणि पट्ट्या काढल्या, बोटभर रुंदीच्या.
पहिलीत धुकं निळं पडलं, दवाखान्याच्या भिंतीसारखं.
दुसरीत पिवळा चढला.
"हळदीचं गाव," ते हसले,
"पिवळा इथं न बोलावता येतो."
तिसरीत बाभळीचा काळा
नुसताच काळा, त्यात साल नव्हती.
चौथी त्यांनी दारात नेली, उन्हात धरली,
आत आणली, ट्यूबखाली धरली,
आणि काही न बोलता फाडली.

कागद सुती, जाड, करकर न करणारा.
थापलेली भाकरी तव्याकडं न्यावी
तसा दोन्ही तळव्यांवर उचलला त्यांनी.
म्हातारी बोलायला लागली,
विट्याच्या मागासारखी, इकडून तिकडं, तिकडून इकडं,
दर खेपेला केसाएवढी नदी.
आधी आभाळ. मग पलीकडचा काठ. मग

"हे काय?"

पलीकडच्या काठावर, धुक्याच्या आत,
तिळाएवढं तांबडं.
मी म्हणाले, कॅमेऱ्याचा दोष आहे,
सेन्सर तापला की एखादा कण पेटतो असा,
पुसायचा राहिला.
बाबालाल भिंग घेऊन वाकले.
"बिडी आहे."
"चार मिनिटं एका जागी?"
"म्हातारा असेल. घाई नसेल त्याला."
शीतल हात पुसत आला, बघितलं, म्हणाला,
मोटारीच्या पेटीवरचा दिवा तो.
तिकडं त्या आठवड्यात रात्रपाळीची लाईट होती,
उसाला पाणी चालू असणार.

पुसायला दोन सेकंद लागतात.
मी कर्सर नेऊन ठेवला ठिपक्यावर.
आणि आठवेना,
त्या चार मिनिटांत मी कुठं बघत होते.
घड्याळाकडं. हात खिशात, थंडीनं पाय हलवत,
सेकंद मोजत होते.
पलीकडं बघितलंच नव्हतं.

ठिपका राहिला.
खालच्या पांढऱ्या पट्टीत पेन्सिलीनं लिहिलं, १/७.
"सातच का?" शीतलनं विचारलं.
"फाईल तर आहे. शंभर काढा की."
मी काहीतरी सांगितलं, किमतीबद्दल,
त्याला पटलं नाही, मलाही.
बाबालाल मोजे काढत होते.
"पुरात माझे चारशे प्रिंट गेले," म्हणाले,
"फायली आहेत सगळ्यांच्या.
एकही उघडली नाही."

शाई बसायला रात्र जाते.
रेघेच्या वर, दोन चिमट्यांवर, नदी वाळत टांगली.
शटर ओढताना शीतल म्हणाला,
ताई, उद्या गाडी काढू का?
कोथळीच्या पुलावरून दहा मिनिटं.
पेटी असली तर दिसेलच.

मी म्हणाले, बघू.